गाण्याच्या ग्रुपमध्ये राष्ट्राध्यक्ष घुसलेत, काय करू?

एडिसनकर (१४ सप्टेंबर २०२५)

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांच्या एका ग्रुपचा ॲडमिन आहे. न्यू जर्सीतला ग्रुप, साडेचारशे माणसं, देशी मी धरून तीन. काम काय, तर कुठल्या कार्यक्रमात कुठलं गाणं कितव्या नंबरला वाजलं याच्या याद्या ठेवायच्या आणि पार्किंगमध्ये कुणी काय खायला आणायचं ते ठरवायचं. अगदी निरुपद्रवी.

मे महिन्यात स्प्रिंगस्टीन मँचेस्टरच्या स्टेजवरून ट्रम्प सरकारवर बोलला. ट्रम्पने उलट त्याला ‘सुकलेलं आलुबुखार’ म्हटलं. झालं. तेव्हापासून यादी राहिली बाजूला. एक जण रेगन काढतो, दुसरी कार्टर, तिसरा बायडनचं वय, चौथा थेट निक्सन. एका रात्रीत दोनशे कॉमेंटी.

खरं दुखणं वेगळंच आहे. ग्रुपात एक निवृत्त फायरमन आहे, त्याला इथे दादा म्हणतो. २००९ मध्ये जायंट्स स्टेडियम पाडायच्या आधी स्प्रिंगस्टीनचे तिथे शेवटचे कार्यक्रम झाले. मी नवखा, एकटा, पार्किंगमध्ये फॉइलमधला वडापाव खात उभा. हा गाडीच्या डिकीवर बसलेला. अंगात १९८५ च्या दौऱ्याचा टीशर्ट, पाठीवरची तारखांची यादी धुऊन धुऊन इतकी विटलेली की नुसतं ‘ऑगस्ट’ वाचता यावं. “ते काय आहे?” म्हणाला. चार वडापाव खाल्ले आणि पुढच्या वेळी ‘ती लाल पावडर’ जास्त आण म्हणाला. तेव्हापासून आमची मैत्री.

दादा ट्रम्पवाला. स्टेजवरून भाषण सुरू झालं की बिअर आणायला जातो, गाणं सुरू झालं की परत. त्याच कंपूत एक शाळामास्तरीण आहे, ती कट्टर डेमोक्रॅट. वीस वर्षं दोघं एकत्र कार्यक्रमांना जातात. तिने जूनमध्ये लिहिलं, ट्रम्पला मत देणाऱ्यांना ही गाणी कधी कळलीच नाहीत. त्यावर दादाने लिहिलं, “ही गाणी ज्या गिरणीतली आहेत तिथे माझा बाप राबायचा. तुझा नव्हे.” तेव्हापासून अबोला.

निम्मे लोक म्हणतात, राजकारणावर सरसकट बंदी घाल. घालू का?

ताकपिठं

लाह्या घेऊन बसलो आहे.

गिरगावकर_बंड्या

शीर्षक वाचून मला वाटलं द्रौपदी मुर्मूंवरून भांडणं लागली! आपल्याकडे राष्ट्रपतींवरून भांडायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही, सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. भांडायचं तर संमेलनाध्यक्षावरून भांडा. तिथे कसं, सत्ता शून्य आणि चुरस अपार.

मुक्ता_पेन्सिल्वेनिया

बंड्या, शेवटच्या वाक्याला दंडवत.

एडिसनकर, बंदी घालू नका. ‘इथे राजकारण नको’ हे म्हणायला सोपं कुणाला असतं? ज्याच्या घरावर त्या राजकारणाचा दगड पडत नाही त्याला. माझा मेव्हणा अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांच्या निर्यातीत आहे. २७ ऑगस्टपासून अमेरिकेत भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागलं, त्याच्या दोन ऑर्डरी अडकल्या. त्याला सांगा बरं, ‘आपण फक्त डिझाइनवर बोलू या’.

ह्यूस्टनचे_काका

मुक्ताताई, दगड आमच्याही घरावर पडले आहेत. फक्त दुसऱ्या बाजूने.

मी १९९४ ला आलो. रांगेत उभं राहून, वकिलाची फी भरून, बारा वर्षांनी नागरिक झालो. २००८ ला ओबामाला मत दिलं, हो, आनंदाने दिलं. २०२४ ला ट्रम्पला दिलं. सीमेवर जे चाललं होतं ते मला टेक्सासमध्ये रोज दिसत होतं. हे सांगितल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी माझ्या हातातलं आरतीचं तबक काढून घेतलं. अतिशयोक्ती नाही, खरंच काढून घेतलं.

तेव्हा दादाचं दुःख मला कळतं. गायकाने गावं. मला प्रवचन हवं असेल तर मी कीर्तनाला जाईन.

जुनाट_वकील

काका, कीर्तनाला जाऊन पाहा, उत्तररंगात कधी कुणाला चिमटा बसेल सांगता येत नाही.

गंमत म्हणजे स्प्रिंगस्टीनच्या मंडळींत राष्ट्राध्यक्ष त्याने स्वतः आणलाच नव्हता. राष्ट्राध्यक्षच चालत आला. १९ सप्टेंबर १९८४, निवडणुकीचा हंगाम, रेगन प्रचाराला न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी. तिथल्या भाषणात म्हणाले की अमेरिकेचं भवितव्य तुमच्या मनातल्या हजार स्वप्नांत आहे, आणि इथलाच ब्रूस स्प्रिंगस्टीन गातो त्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशात आहे. त्या उन्हाळ्यात ‘बॉर्न इन द यूएसए’ घराघरात वाजत होतं. ध्रुवपद ऐकलं तर वाटतं काय देशाभिमान! कडवी ऐकली तर कळतं की व्हिएतनामहून परतलेला एक माणूस कामासाठी दारोदार फिरतोय आणि कुणी उभं करत नाही.

दोन-तीन दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीन म्हणाला की राष्ट्राध्यक्षांचा आवडता अल्बम कुठला असेल याचा मी विचार करतोय, ‘नेब्रास्का’ नसावा. (तो त्याचा सगळ्यात काळोखा अल्बम.) बस, एवढंच. उघड प्रचारात तो उतरला २००४ मध्ये, डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरींसाठी. म्हणजे चिमट्यापासून मैदानापर्यंत यायला वीस वर्षं लागली.

आणि त्या नोव्हेंबरात रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. म्हणजे ते गाणं लावून नाचणाऱ्यांतल्या पुष्कळांनी रेगनना मत दिलं असणार. मास्तरीणबाईंना एवढंच विचारा, त्यांना गाणं कळलं नव्हतं की वेगळं कळलं होतं?

एडिसनकर

वकीलसाहेब, हॅमंटन! अहो, आम्ही दर जूनअखेर मुलांना घेऊन तिथे ब्लूबेरी तोडायला जातो. गावच ब्लूबेरीचं. बादली कमरेला बांधायची, तोडता तोडता निम्म्या पोटात. हे भाषण तिथलं हे मला दादानेच सांगितलं होतं. तो तेव्हा बावीस वर्षांचा, रेगनवाला. म्हणाला, “मला त्या दिवशी दुप्पट अभिमान वाटला. आणि पिट्सबर्गचं ऐकल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही.”

डॅलसची_वहिनी

बंदीबिंदी ठीक आहे, पण बंदी कुणावर आणि कोण घालतं ते बघा. मी २००३ मध्ये इथे नवी नवी आलेली. ऑफिसमध्ये सगळ्या जणी डिक्सी चिक्स या गायिकांच्या बँडच्या वेड्या, टेक्सासच्याच ना त्या. १० मार्चला लंडनच्या कार्यक्रमात त्यांची गायिका म्हणाली, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष (तेव्हा धाकटे बुश) टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. इराकवर हल्ला व्हायला दहा दिवस बाकी होते.

आठवड्यात चित्र पालटलं. कंट्री रेडिओवाल्यांनी गाणी काढून टाकली. लुइझियानात सीडींच्या ढिगावर ट्रॅक्टर फिरवला. माझ्या शेजारच्या टेबलवर बसणारी, जिने मला ती गाणी पहिल्यांदा ऐकवली, तिने तिच्या सीडी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. रागाने आपटल्या वगैरे नाहीत हं. एकेक काढून, कव्हरवरचा फोटो खाली करून ठेवली. घरच्या माणसाचं सामान आवरतात तसं. मी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यातली एक उचलली. चोरीच म्हणा. अजून आहे.

२००७ मध्ये त्यांना एका रात्री पाच ग्रॅमी मिळाली. ती मैत्रीण तोपर्यंत नोकरी सोडून गेली होती, त्यामुळे तिला काय वाटलं ते कळलं नाही.

ताकपिठं

वहिनी, ‘फोटो खाली करून’ वाचून लाह्या बाजूला ठेवल्या.

नाशिकचा_कांदा

बुश म्हटलं की तुम्हाला इराक आठवतो, आम्हा लासलगावकरांना हापूस आठवतो. हसू नका. २००६ मध्ये बुश भारतात आले, अणुकराराबरोबर आंब्याचंही ठरलं. अमेरिका भारतीय आंबे घेणार. पण त्यांची अट, आंबा विकिरण करूनच पाठवायचा, म्हणजे आतली कीड मरते. ती सोय होती कुठे? तर भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेल्या केंद्रात. २००७ मध्ये त्यालाच मान्यता मिळाली. तर कोकणातला हापूस घाट चढून आमच्या गावी आला, कांद्याच्या मशीनमधून गेला आणि मग अमेरिकेला गेला. आणि आपण बदल्यात काय घेतलं? हार्ले डेव्हिडसन.

गिरगावकर_बंड्या

म्हणजे आंबा दिला आणि फटफटी घेतली. यापेक्षा वाईट सौदा फक्त आमच्या चाळीच्या पुनर्विकासात झाला आहे.

विक्रोळी_पूर्व

अवांतर चाललंच आहे तर आमचंही घ्या. वर कुणीतरी कार्टरना काढलंय. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात आल्या आणि विक्रोळीला राहिल्या. तेव्हा वय ६८. गोदरेज कॉलनीच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम. जवळपास पावणेदोन वर्षं होत्या. मुलगा राष्ट्राध्यक्ष व्हायला अजून दहा वर्षं होती.

माझी आजी त्याच कॉलनीतली. तिला त्या आठवायच्या, पण ‘राष्ट्राध्यक्षांची आई’ म्हणून नाही. ‘ती म्हातारी नर्सबाई, चालत जायची, रस्त्यात पोरं दिसली की थांबायची’ एवढंच. १९७७ मध्ये पेपरात फोटो आला तेव्हा आजोबा म्हणाले, अगं ही तुझी नर्सबाई. आजी म्हणाली, “मुलगा नीट निघाला म्हणायचा.”

कार्टर दुबळे होते, तेहरानमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकनांचे ४४४ दिवस त्यांना भोवले, वगैरे सगळं वाचून आहे. पण आमच्या घरात कार्टरविरुद्ध बोलायची सोय नाही.

जुनाट_वकील

विक्रोळी, तुमच्या आजीच्या एका वाक्यात जेवढं आहे तेवढं चरित्रांत नसतं. आमच्या घरी नेमकं उलट. वडिलांपुढे निक्सनचं नाव काढलं की १९७१ चं युद्ध, अमेरिकेचं सातवं आरमार, बंगालचा उपसागर. चीनशी बोलणी वगैरे त्यांना ऐकूनच घ्यायचं नसे. एल्व्हिस प्रेस्ली १९७० मध्ये व्हाइट हाउसला जाऊन निक्सनना भेटला, तो हस्तांदोलनाचा फोटो मी हौसेने खोलीत लावला होता. वडिलांनी कात्रीने निम्मा कापला. एल्व्हिस ठेवला. त्याच्या हातात एक बिनमाणसाचा हात कित्येक वर्षं होता.

मुक्ता_पेन्सिल्वेनिया

हाहाहा, वकील! बंदी कशी घालावी याचा हा उत्तम नमुना. कात्री लावा, हात राहतोच.

काकांना एक विचारायचंय, चिडू नका. तबक काढून घेणं चूकच. पण ‘गायकाने गावं’ हे तुम्ही स्प्रिंगस्टीन ओबामाबद्दल चांगलं बोलायचा तेव्हा, म्हणजे २००८ मध्ये, म्हणत होता का?

ह्यूस्टनचे_काका

...नाही. तेव्हा मी तो व्हिडिओ चार जणांना पाठवला होता. पकडलंत.

पण माझा दुसरा मुद्दा उरतोच. हा माणूस गिरणीकामगारांची गाणी गातो आणि २०२२ मध्ये त्याच्या काही तिकिटांचे भाव चार-पाच हजार डॉलरवर गेले, मागणी वाढली की किंमत वाढवायची त्या पद्धतीने. गिरणीकामगार ते घेणार आहे का? मग स्टेजवरून देशाला काय सांगता?

एडिसनकर

काका, इथे तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ‘बॅकस्ट्रीट्स’ नावाचं चाहत्यांचं मासिक १९८० पासून चाललं होतं. रेगन आले, दोन्ही बुश आले, क्लिंटन, ओबामा, ट्रम्प येऊन गेले, ते बंद पडलं नाही. २०२३ मध्ये बंद झालं ते तिकिटांच्या भावाच्या नाराजीतून. आमच्या ग्रुपात त्या वेळी दादा आणि मास्तरीणबाई एका बाजूला होते! दोघांनी मिळून एक खरमरीत पत्र लिहिलं होतं. मसुदा तिचा, शिव्या त्याच्या.

डॅलसची_वहिनी

मग त्यांना परत एकत्र आणायला तिकिटं महाग करा. सोप्पं आहे.

जुनाट_वकील

गंभीरपणे सांगायचं तर क्रिस क्रिस्टी बघा. न्यू जर्सीचे रिपब्लिकन गव्हर्नर होते, आणि स्प्रिंगस्टीनचे शंभराहून जास्त कार्यक्रम पाहिलेला माणूस. ज्याच्यावर जीव त्याला यांचं राजकारण पसंत नाही, हे यांना पक्कं ठाऊक. तरी जात राहिले. २०१२ च्या सँडी वादळानंतर मदतीच्या कार्यक्रमात भेट झाली, स्प्रिंगस्टीनने मिठी मारली, आणि क्रिस्टींनी नंतर कबूल केलं की घरी जाऊन रडलो.

धागा_संपादक

वैयक्तिक शेरेबाजी असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. विषय ‘चाहत्यांच्या ग्रुपमधले वाद’ हा आहे. ट्रम्प-बायडनसाठी वेगळा धागा आहे, तिथे जाऊन एकमेकांची डोकी फोडावीत.

गिरगावकर_बंड्या

संपादक, एडिसनकर ज्याच्यासाठी सल्ला मागतायत ते तुम्ही न मागता करून दाखवलंत.

मुक्ता_पेन्सिल्वेनिया (२० सप्टेंबर)

माफ करा, आज विनोदाची मनःस्थिती नाही. काल संध्याकाळी अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. माझा भाचा साखरपुड्यासाठी पुण्यात आहे. कंपनीच्या वकिलांचा मेल, रविवारच्या आत परत या. पोरगा साखरपुड्याच्या सदऱ्यावरच विमानतळाकडे निघाला, मुंबईला जाणाऱ्या टॅक्सीतून मला फोन करत होता, “मावशी, हे माझ्यावर लागू आहे का?” आज दुपारी खुलासा आला की नव्या अर्जांनाच लागू. तोपर्यंत त्याचं विमान उडालं होतं.

हे मी माझ्या शिवणकामाच्या ग्रुपवर लिहिलं. ॲडमिनने काढून टाकलं. कारण, ‘राजकीय’.

ह्यूस्टनचे_काका

मुक्ताताई, भाचा पोचला की कळवा. न्यूयॉर्कला अडकला तर माझा पुतण्या विमानतळाजवळ राहतो, त्याचा नंबर भाच्याला द्या, रात्री कितीही वाजता. मताचं नंतर बोलू. या प्रकरणात मी सरकारची बाजू घेणार नाही.

मुक्ता_पेन्सिल्वेनिया

पोचला, काका. आभार. सदरा इस्त्रीला टाकलाय.

एडिसनकर (२१ सप्टेंबर)

मूळ प्रश्नाकडे येतो, निकाल लागलाय.

मी मंगळवारी ग्रुपात मतदान घेतलं. राजकारणावर बंदीच्या बाजूने १४०, विरुद्ध ९७, बाकीचे नेहमीसारखे झोपलेले. बंदी लागू. नियम मीच लिहिला. कुठल्याही राष्ट्राध्यक्षाचं नाव असलेली पोस्ट उडवली जाईल, लिहिणाऱ्याला तीन दिवस मौन.

शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता मी दर वर्षीच्या सवयीने रेगनच्या हॅमंटनच्या भाषणाचा व्हिडिओ टाकला. १९ सप्टेंबर ना! एक्केचाळीस वर्षं झाली म्हणून. खाली उन्हाळ्यातल्या ब्लूबेरीच्या बादलीचा फोटो.

पाच मिनिटांत मास्तरीणबाई, “हे संगीत आहे की राजकारण?”

त्याखाली दादा, “तिचं बरोबर आहे. उडव.”

जूननंतर पहिल्यांदा दोघं एकमेकांच्या पोस्टखाली दिसले. तिने त्याला अंगठाही दिला. मी माझी पोस्ट उडवली आणि स्वतःला तीन दिवस मौन लावलं. उद्या सकाळी सुटेन. म्हणून तर इथे एवढं लिहायला वेळ आहे.

गिरगावकर_बंड्या

अध्यक्षांनी स्वतःवरच महाभियोग चालवून स्वतःला दोषी ठरवलं. अमेरिकेच्या सिनेटला हे अजून एकदाही जमलेलं नाही.

ताकपिठं

ते सगळं राहू द्या. लाल पावडरचं प्रमाण टाका.

एडिसनकर

वाटीभर सुकं खोबरं, खमंग भाजून. बारा-पंधरा लसूण पाकळ्या, सालासकट चालतात. दोन चमचे तिखट, मीठ. दादा म्हणतो दाण्याचं कूट घाल, मी म्हणतो घालायचं नाही.

नाशिकचा_कांदा

कूट घालायचंच. दादा बरोबर आहे.

विक्रोळी_पूर्व

कूट?? वडापावच्या चटणीत?